पेडल दाबलं की मोटर उसळते: रॉड रॅपिंग मशीनच्या वेगातला बिघाड कसा शोधायचा

तुमची तक्रार थोडक्यात अशी. फिशिंग रॉडवर गाइड, म्हणजे गळाची दोरी ज्यातून जाते त्या कड्या, दोऱ्यानं बांधण्यासाठी शिलाई मशीनच्या मोटरवर घरी मशीन बनवलंय, पायाखाली पेडल आहे. पेडल हळूहळू दाबलं तर आधी मोटर नुसती गुणगुणते आणि मग एकदम अशी सुटते की गाइडच्या पायावर चढत असलेला दोरा घसरतो. अर्धा तास काम झालं की पाय स्थिर असूनही वेग आपोआप कमीजास्त होतो. पेडल बदललं, उसळी आणि वेगाचं डोलणं दोन्ही तसंच राहिलं. इपॉक्सी वाळवताना रॉड फिरवणारी छोटी मोटर डिमरवर लावली तर ती थरथरते आणि थांबते. आता महागातला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर घ्यावा का, असं विचारलंय.

अजून घेऊ नका. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. पहिली जवळजवळ नक्की पुलीच्या हिशेबाची आहे. दुसरीला खरोखर बिघाड म्हणता येईल. तिसरीत मोटर चांगली आहे, डिमर काढला की ती चालेल.

उसळीपासून सुरुवात करू. शिलाई मशीनची युनिव्हर्सल मोटर (एसी-डीसी दोन्हींवर चालणारी) पूर्ण वेगाला मिनिटाला साधारण ६००० ते ७००० फेरे घेते. तुम्हाला गाइडच्या पायावर दोरा चढवताना रॉडचे १५-२० फेरे पुरतात, मोकळ्या लांब रॅपला (दोऱ्याच्या गुंडाळीला) १००-१५० झाले तरी खूप. मोटरची पुली आणि चकची (रॉड धरणाऱ्या जबड्याची) पुली यांचं प्रमाण १:५ आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे रॉड २० फेऱ्यांनी फिरवायला मोटरला १०० फेऱ्यांवर रांगावं लागतं. ६५०० च्या मोटरकडून १०० म्हणजे दीड टक्का. त्या वेगाला ती मोटर गुळगुळीत चालावी ही अपेक्षाच चुकीची आहे. कंट्रोलर कितीही भारी लावा.

पेडलमध्ये कार्बनच्या चकत्यांची चळत असेल तर उसळी अजून वाढते. ही चळत मोटरच्या सिरीजमध्ये बसलेला रेझिस्टन्स असतो. पाय दाबला की चकत्या आवळल्या जातात आणि रेझिस्टन्स उतरतो. मोटर थांबलेली असताना तिच्यात उलटा व्होल्टेज तयार होत नाही, त्यामुळे करंट जास्त असतो आणि व्होल्टेजचा मोठा वाटा पेडल खातं. तुम्ही अजून दाबता. शेवटी बेअरिंग, बेल्ट आणि रोलर यांचं सुरुवातीचं घर्षण सुटतं, मोटर फिरते, उलटा व्होल्टेज तयार होतो, करंट पडतो, पेडलमधली तूट कमी होते आणि वाचलेला सगळा व्होल्टेज मोटरच्या वाट्याला येतो. त्यात फिरू लागल्यावरचं घर्षण सुरुवातीच्या घर्षणापेक्षा कमी. मग ती सुटणारच. दोरा जरा जास्त ताणला की उलट घडतं: करंट वाढतो, पेडलमधली तूट वाढते आणि मोटर बसते.

साध्या ट्रायॅकच्या (वीज कापून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) पेडलमध्ये कारण वेगळं, परिणाम तोच. स्वस्त सर्किटमध्ये ट्रायॅक एकदा सुटला, म्हणजे चालू झाला, की ट्रिगर कपॅसिटरवरचा चार्ज बदलतो आणि पुढच्या हाफ सायकलला (एसीच्या पुढच्या अर्ध्या लाटेला) तो आधीपेक्षा लवकर सुटतो. म्हणून मोटर सुरू व्हायला पेडल जितकं दाबावं लागतं, त्यापेक्षा वर उचलल्यावरही ती चालत राहते. आधी जास्त दाबून सुरू करा, मग पाय सैल सोडा. सैल सोडल्यावर हवा तो मंद वेग मिळत असेल तर दोष या सर्किटच्या स्वभावाचा आहे, मोटर ठीक आहे.

दोन्हींवर उपाय एकच, आणि तो लोखंड-लाकडाचा आहे. प्रमाण १:२० करा. एका टप्प्यात एवढी मोठी पुली बसत नसेल तर मध्ये एक जॅकशाफ्ट (दोन पुली बसवलेला मधला दांडा) टाका: आधी १:४, मग १:५. आता रॉडचे २० फेरे म्हणजे मोटरचे ४००, आणि तिथे ती बऱ्यापैकी सरळ चालते. वरचा वेग ३२५ च्या आसपास राहतो, म्हणजे गरजेच्या दुप्पट. शिवाय चकवरचा टॉर्क चौपट होतो, त्यामुळे दोऱ्याचा ताण मोटरला जाणवतही नाही. जास्त वेग कधीतरी लागेल म्हणून लोक लहान प्रमाण ठेवतात. तो वेग कधीच लागत नाही.

बेल्ट आवळू नका. घसरू नये म्हणून तो तारेसारखा ताणलेला पुष्कळ मशीनवर दिसतो. त्यानं बुशवर (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कडीवर) ओढ येते, सुरुवातीचं घर्षण वाढतं आणि उसळी अजून मोठी होते. दोन पुलींच्या मधोमध बोटानं दाबल्यावर बेल्ट सहज थोडा दबला पाहिजे. एवढ्यावर घसरत असेल तर मोटरच्या पुलीला बेल्टचा वेढा कमी मिळतोय किंवा तिची खाच तेलकट झालीय.

बेल्ट काढून एक गोष्ट नक्की करा. रॉड चकमध्ये आणि रोलर स्टँडवर ठेवून चकला हातानं हलका झटका द्या. तो स्वतःच्या जोरावर फेरा-दीड फेरा तरी गेला पाहिजे. अर्ध्यातच अडला तर मोटरकडे बघायची गरजच नाही. बहुतेक वेळा स्टँडचे रोलर चकच्या रेषेत नसतात, एखादा मिलिमीटरभर वर असतो आणि ब्लँक (रॉडची काडी) त्यावर वाकून फिरत असतो.

आता दुसरी तक्रार, अर्ध्या तासानंतर डोलणारा वेग. इथे स्क्रूड्रायव्हरच्या आधी खडू हातात घ्या. चकवर एक खूण करा, बेल्टवर एक खूण करा, मोटर मंद चालवा आणि वेग कधी बदलतो ते नुसतं बघा. त्याची लयच बिघाडाची जागा सांगते. चकची खूण वर आली की दर वेळी वेग पडतो असं दिसलं तर रॉड किंवा चक मध्यात नाही, किंवा सगळ्या गाइड एकाच बाजूला जड पडल्यात. बेल्टची खूण पुलीवरून जाताना धक्का बसतो, तर बेल्टचा सांधा. वेग बदलला तरी डुलण्याची लय तशीच राहते, म्हणजे सेकंदाला एकदा तर एकदाच, रॉड मंद असो वा जलद, तर ते कंट्रोलरमधलं आहे. आणि काहीच लय नाही, मध्येच पडतो, मध्येच सुटतो, तर ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज देणारे कार्बनचे तुकडे), पेडलचा संपर्क किंवा एखादी सैल वायर. एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात आणि निम्मे संशयित बाद होतात.

पुढची तपासणी बल्बची. आधी एक गोष्ट: प्लग काढल्याशिवाय पेडल किंवा कंट्रोलर उघडायचा नाही. बंद म्हणजे स्विच बंद नव्हे, प्लग बाहेर. आत कपॅसिटर असतो, तोही डिस्चार्ज होऊ द्या. पेडलचं अंग धातूचं असेल तर त्याला अर्थिंग हवंच.

मोटर सोडवून तिच्या जागी तितक्याच व्होल्टेजचा फिलामेंटचा बल्ब लावा. कार्बन पेडल असेल तर बल्बचं वॅटेज मोटरच्या आसपासचं हवं. छोटा बल्ब त्या रेझिस्टन्सवर नीट मंदच होत नाही आणि पेडल बिघडल्यासारखं वाटतं. एलईडीचा बल्ब इथे निरुपयोगी. आता पेडल अगदी सावकाश दाबा. बल्ब मिणमिणता सुरू होऊन सलग उजळत गेला, मधे कुठे फडफडला नाही आणि अर्धा तास एका जागी ठेवूनही तसाच राहिला, तर पेडल निर्दोष. दोष मोटरकडे किंवा यंत्राकडे. एका ठरावीक जागी बल्ब फडफडला तर तिथला संपर्क झिजलाय. बल्ब डोळ्याला टोचेल असा लुकलुकतो आणि पूर्ण उजळत नाही, तर ट्रायॅक एकाच हाफ सायकलला सुटतोय. पेडलला हातही न लावता बल्ब पूर्ण पेटला, तर ट्रायॅक शॉर्ट झालाय. प्लग काढून त्याच्या दोन मुख्य पायांमध्ये मल्टीमीटर लावा, जवळजवळ शून्य ओहम दिसेल. ट्रायॅकच्या पेडलवर बल्ब छान चालतो पण मोटर लावली की घुरघुरते, असंही होतं. मोटर इंडक्टिव्ह असते, बल्ब नसतो. अशा वेळी ट्रायॅकवरचा स्नबर, साधारण १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची जोडी, उडालेला किंवा मुळातच नसलेला असतो.

मल्टीमीटरनं पेडलचा आउटपुट व्होल्टेज मोजून निष्कर्ष काढू नका. ट्रायॅक सायकलचे तुकडे पाडतो, आणि साधा मीटर अशा कापलेल्या वेव्हवर चुकीचा आकडा दाखवतो. ट्रू आरएमएस मीटर (कापलेली वेव्हही बरोबर मोजणारा) असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर बल्बवर विश्वास ठेवा.

जुन्या पेडलमध्ये अजून एक भानगड असते. संपर्कांवर ठिणगी आणि रेडिओचा खरखराट कमी करायला कपॅसिटर लावलेला असतो. तो म्हातारा झाला की गळू लागतो आणि पाय उचलल्यावरही मोटर सरपटत राहते. कधी तो फुटून जळका धूर सोडतो आणि माणसाला वाटतं मोटरच जळाली. त्याच्या अंगावर भेग दिसली तर चालतोय की नाही ते बघत बसू नका, बदला. नवा घेताना मेन्सवर वापरायचा, एक्स वर्गाचा घ्या.

तुमच्या बाबतीत पेडल बदलूनही डोलणं राहिलंय, म्हणून माझा पहिला संशय ब्रशवर आहे. ब्रश काढताना कोणता कुठल्या बाजूचा आणि कसा बसला होता त्याची खूण ठेवा. त्याच्या टोकाला कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या) गोलाईचा चकचकीत खड्डा पडलेला असतो. उलटा बसवला तर पुन्हा बसायला वेळ घेतो आणि तोवर मोटर अडखळते. नव्या ब्रशच्या मानानं एक तृतीयांश उरला असेल तर दोन्ही बदला. लांबी ठीक असली तरी स्प्रिंग दाबून बघा आणि ब्रश आपल्या घरात मोकळा सरकतो का ते बघा. कार्बनची भुकटी आणि तेल मिळून काळा चिकट लेप होतो, त्यात ब्रश अडकतो. गार असताना कसाबसा टेकतो, मोटर तापली की घट्ट होतो आणि कम्युटेटरपासून किंचित दूर राहतो. अर्ध्या तासानंतरची तक्रार बऱ्याचदा हीच निघते.

कम्युटेटर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानं पुसा, पट्ट्यांमधल्या बारीक खाचा लाकडी काडीनं मोकळ्या करा. फार काळवंडला असेल तर अगदी बारीक ग्लास पेपर चालेल. एमरी पेपर नको, त्याचे कण खाचांत रुततात आणि पट्ट्या एकमेकींना जोडतात. मग अंधारात मोटर मंद चालवून बघा. ब्रशखाली बारीक निळसर ठिणग्या असतातच. कम्युटेटरभोवती ठिणगीचं पूर्ण कडं फिरताना दिसलं तर आर्मेचरची (फिरत्या भागाची) एखादी गुंडाळी तुटलीय किंवा शॉर्ट आहे. अशा मोटरवर वेळ घालवू नका, दुसरी घ्या.

ब्रश ठीक असतील तर तापण्याकडे बघा. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. शाफ्ट रांगत असेल तर पंखाही रांगतो, आणि करंट मात्र टॉर्कप्रमाणे वाहतच असतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर १० अंशांना साधारण ४ टक्के वाढतो, म्हणजे ५० अंश तापलेली गुंडाळी थंड असतानापेक्षा २० टक्के जास्त अडवते आणि मोटर मंदावते. कार्बनचं उलटं: तापला की रेझिस्टन्स उतरतो, म्हणून कार्बन पेडल गरम झालं की पाय न हलवता वेग चढतो. या दोघांची ओढाताण म्हणजे तुमचं डोलणं, असंही असू शकेल. पुली मोठी केली की हेही बरंच निवळतं, कारण मोटर जलद फिरते, पंखा चालतो आणि करंट कमी लागतो. बुश कोरडे वाटले तर हलक्या तेलाचा एक थेंब, जास्त नाही. जास्तीचं तेल सरळ कम्युटेटरवर जातं.

एवढं सगळं करूनही समाधान झालं नाही आणि पैसे घालायचेच असतील, तर पेडलऐवजी मोटर बदला. परमनंट मॅग्नेटची डीसी मोटर, शक्य तर गिअरसह, आणि तिचा जुळणारा कंट्रोलर. तिचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात चालतो आणि मंद वेगाला ती युनिव्हर्सलपेक्षा कितीतरी शहाण्यासारखी वागते. पण ११५ व्होल्ट मेन्सवरच्या एससीआर कंट्रोलरला (एसीचे तुकडे पाडून डीसी देणाऱ्या) ९० व्होल्टची मोटर आणि २३० व्होल्टवरच्याला १८० व्होल्टची, ही जोडी चुकवू नका.

अशा कंट्रोलरच्या बोर्डवर मिन (किमान वेग), मॅक्स (कमाल वेग), आयआर कॉम्प (भार आल्यावर वेग सावरणारा) आणि करंट लिमिट असे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचे छोटे ट्रिमर असतात. मशीन डोलतंय म्हणून बोर्ड परत करणारे बरेच जण त्यांना कधी हातच लावत नाहीत. क्रम असा: आयआर कॉम्प शून्यावर. पेडल मोकळं ठेवून मिन वाढवा, चक फिरायच्या बेतात आला की किंचित मागे घ्या, म्हणजे पेडलचा सुरुवातीचा रिकामा पट्टा जातो. मग पेडल पूर्ण दाबून मॅक्स इतका कमी करा की रॉड १५० च्या वर जाणार नाही. आता पेडलचा सगळा प्रवास तुमच्या उपयोगाच्या वेगात वाटला जातो आणि पायाला खरा ताबा मिळतो. या एका स्क्रूनं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानं पडत नाही. शेवटी मंद वेगाला चक बोटांनी हलका धरा आणि वेग पडू नये इतपत आयआर कॉम्प वाढवा. जास्त वाढला तर मोटर एका लयीत हुंदके दिल्यासारखी डुलू लागते. डुलणं थांबेपर्यंत मागे या. काही बोर्डांवर मोटरच्या ताकदीनुसार बदलायचा रेझिस्टर असतो. तो चुकीचा असेल तर ट्रिमर कितीही फिरवा, जमत नाही.

पेडलमधला पॉट (फिरवून रेझिस्टन्स बदलणारा भाग) मात्र झिजतो, आणि झिजतो तो सुरुवातीच्या पट्ट्यातच, कारण रॅपिंगमध्ये पाय दिवसभर तिथेच असतो. सोडवून काट्याच्या मीटरवर सावकाश फिरवा. काटा जिथे उडी मारतो तिथे पट्टी गेलीय. बदलताना तितक्याच ओहमचा, लिनिअर घ्या. ऑडिओचा लॉग पॉट बसवला तर सगळा वेग एका टोकाला गोळा होतो. आणि लक्षात ठेवा, साध्या एससीआर कंट्रोलरमध्ये पॉटच्या तारा मेन्सपासून वेगळ्या केलेल्या नसतात. तिथे वोल्टेज कमी दिसला तरी जमिनीच्या हिशेबानं ती तार जिवंत असते. पॉटचा दांडा प्लास्टिकचा हवा.

१२ किंवा २४ व्होल्टची मोटर पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून वेग ठरवणाऱ्या) बोर्डवर चालवणाऱ्यांची ठरलेली तक्रार म्हणजे सुरू होताना टुक, टुक, टुक असे झटके. बोर्ड बदलण्याआधी पॉवर सप्लायच्या टोकांवर मीटर लावा. दर झटक्याला व्होल्टेज कोसळत असेल तर सप्लाय अपुरा आहे: थांबलेली मोटर चालत्या मोटरच्या कितीतरी पट करंट ओढते, सप्लायचं संरक्षण तो तोडतं, पुन्हा देतं, पुन्हा तोडतं.

राहिली वाळवणीची मोटर. ती सिंक्रोनस आहे, मायक्रोवेव्हच्या थाळीखालची असते त्याच जातीची. तिचा वेग मेन्सची फ्रिक्वेन्सी आणि गिअर ठरवतात, व्होल्टेज नाही. डिमरनं व्होल्टेज कमी केला की ती मंद होत नाही, टॉर्क गमावते आणि थरथरून थांबते. ६० हर्ट्झवर ६ फेरे लिहिलेली मोटर ५० हर्ट्झवर ५ फेरेच घेणार, तोही बिघाड नव्हे. सुरू होताना ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरते. इपॉक्सीला त्याचं काही नाही. वेगळा वेग हवा तर वेगळ्या फेऱ्यांची मोटर घ्या. मिनिटाला ६ ते १८ यांतला कुठलाही वेग बहुतेक इपॉक्सीला चालतो.

डिमर काढूनही ती दर फेऱ्याला एकाच जागी अडून मग पुढे झोकांडी खात असेल, तर गाइड आणि रील सीटचं (रील बसते त्या भागाचं) वजन एका बाजूला आलंय. वर चढताना मोटर ओढते, उतरताना रॉडच गिअरच्या फटीएवढा पुढे पडतो, आणि त्या जागी इपॉक्सीचा फुगवटा राहतो. रॉड रोलरवर मोकळा सोडा, जड बाजू आपोआप खाली येईल. तिच्या बरोबर विरुद्ध बाजूला, चकजवळ, चिकणमातीचा गोळा टेपनं चिकटवा आणि रॉड कुठल्याही कोनात सोडला तरी तिथेच थांबेपर्यंत तो कमीजास्त करा. हे इपॉक्सी लावण्याआधी करायचं.